हळू म्हणजे किती

आमच्या घरात हळू बोलणाऱ्याला आजारी समजत. "भाजीत मीठ कमी आहे" हे वाक्य आमच्याकडे अशा पट्टीत उच्चारलं जाई की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की आईला विचारत, "काय गं, मीठ संपलंय का? देऊ का वाटीभर?" एकदा नवीन वॉचमन भांडण सोडवायला वर आला होता. आम्ही रविवारच्या बांगड्यांचं कालवण करायचं की ते तळायचे, एवढंच ठरवत होतो. या सगळ्याचं मूळ आजोबांच्या कानांत होतं. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणायच्या मागांना गिरणीत साचे म्हणत, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली खडखडत असत. त्या खडखडाटात आजोबांनी उमेदीची वर्षं काढली. गिरणी बंद पडली, माणसं बाहेर आली, आजोबांचे कान मात्र आतच राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून आजी होती तोवर ती ओरडायची, मग बाबा ओरडायला शिकले. आई वाकोल्याची. तिच्या माहेरी सगळे इतकं बेताने बोलत की मला तिथे गेल्यावर आत कुणीतरी झोपलंय असंच वाटे. लग्नानंतर वर्षभरात तिचाही आवाज चढला, असं बाबा कौतुकाने सांगत.

आणि आजोबा स्वतः? त्यांना स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नसे, त्यामुळे तो कुठे थांबवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तो मावत नसे. सकाळी चहाच्या घोटाबरोबर त्यांचं बोलणं सुरू होई: गावच्या गजाली, कोणाच्या आंब्याला किती मोहोर, कोण कोणाशी बोलत नाही, आणि का. आम्ही मान हलवत असू, कारण उत्तर द्यायचं म्हणजे पुन्हा ओरडणं आलं, आणि दिवसभर ओरडून घसे दमत. आपण बोलतो आणि माणसं नुसती मान हलवतात, हे आजोबांना कळत होतं असं मला आता वाटतं. बाबांनी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. "ह्येच्यातून माणसा बोलनत नाय, भांडी पडतत," असं सांगून त्यांनी ते कपाटात टाकलं. आता माझ्याही एका कानात मशीन आहे, आणि आजोबा अगदी खरं बोलत होते. भांडीच पडतात. फोनवर मी इतक्या मोठ्याने बोलते की माझी मुलगी दार लावून घेते.

अशा घरात बाबली आली. आईच्या ऑफिसातल्या एक बाई कांदिवलीला राहत. त्यांच्याकडे दोन गिनीपिग होते, त्यातला एक गेला, आणि त्याच सुमारास त्यांच्या मुलाला वाळल्या गवताने शिंका आणि धाप सुरू झाली. उरलेली एक कुणाला तरी द्यायची होती. मी एकुलती एक, शाळेतून आले की घरात मी आणि आजोबा. मी आईच्या इतकं मागे लागले की शेवटी एका शनिवारी आम्ही तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून रिक्षाने लिंक रोडवरून घरी आणलं. खोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला आत काहीतरी घसरून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसत होतं. निघताना त्या बाई म्हणाल्या होत्या, "फार गरीब आहे हो. जोडीदार गेल्यापासून जरा बुजलीये. एकदा विश्वास बसला की मांडीवरून उतरणार नाही." विश्वास बसायला काय करायचं असतं, हे विचारायचं राहिलं. घरात माणूस आला की तो आपोआप आपला होतो, अशी माझी समजूत होती.

दार आजोबांनी उघडलं. खोक्यात डोकावून त्यांनी जिना दणाणेल असं विचारलं, "ह्यां काय हाडलंस गो? घूस?"

"गिनीपिग आहे, आजोबा! मफिन नाव आहे तिचं!" मी ओरडले.

त्यांनी ते तपकिरी-पांढरं ध्यान नीट न्याहाळलं. उंदीर म्हणावा तर शेपूट नाही, ससा म्हणावा तर कान नाहीत. अंगावर केसांचे भोवरे, आणि डोळे काळ्या वाटाण्यासारखे. आजोबा एकदम विरघळलेच. "मफिन नि बिफिन काय? हिचा नाव बाबली. ये गो बाय, ये, ये! आपलाच घर हा!" आणि बाबली गोठली. मला दुसरा शब्द सुचत नाही. पिंजऱ्यात सोडल्यावरही ती पाय न हलवता तशीच बसून राहिली, आणि आजोबांनी पुन्हा "बाबली!" म्हटल्याबरोबर बाबांनी दार कापून ठेवलेल्या चपलेच्या खोक्यात शिरली. मग ती बाहेर येईचना.

पाहुणा आला आणि त्याने खाल्लं नाही तर आमच्या घरी तो यजमानाचा अपमान समजत. पाहुणा लाजत असेल तर दोनदा म्हणायचं, नको म्हणाला तर चारदा, आणि हात पानावर आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. हाच नियम बाबलीला लागू झाला. आईने कोथिंबीर निवडून ठेवली, मी काकडीच्या चकत्या ठेवल्या, कांदिवलीच्या बाईंनी दिलेलं गवत होतंच. आजोबांनी आपल्या ताटातली भाकरी कुस्करून ठेवली आणि पिंजऱ्यापाशी पाट टाकून बसले. "खाय गो बाय. वायच खाय. आमच्या घराक इलंस आनि उपाशी रवतंस? लोक काय म्हणतीत?" खोक्याच्या दारातून नुसतं नाक दिसे. आजोबांच्या प्रत्येक शब्दाला ते थरथरून आत जाई. आजोबांना वाटे ती लाजते. ते आणखी जवळ सरकत आणि आणखी प्रेमाने, म्हणजे आणखी मोठ्याने, बोलत.

आजोबांचा तिच्यावर एवढा जीव का जडला, हे मला फार नंतर उमगलं. तिच्याशी बोलताना उत्तर ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं कुणालाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिच्यापुढे ते आमच्याएवढेच होते. आजीचं दुखणं, गिरणीत कामगारांवर हुकूम चालवणारा जॉबर, गावच्या विहिरीवरून झालेली भाऊबंदकी, जे आम्हाला सांगणं त्यांनी सोडून दिलं होतं ते सगळं ते बाबलीला सांगत. आणि ती बिचारी खोक्यात भिंतीला चिकटून, कुणीतरी आपल्याला ठार मारायला आलंय अशा समजुतीने बसलेली असे.

काही दिवसांनी तिला उचललं तर हाताला हाडं लागली. आई आणि मी तिला ठाण्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी दात बघितले, पोट चाचपलं, वजन केलं. "आजार काही नाही. ही घाबरलीये," ते म्हणाले. "या प्राण्याचं सगळं जगणं कानावर असतं. घर शांत ठेवा. पोट रिकामं राहिलं तर हे फार दिवस काढत नाहीत. जमत नसेल तर एखादं शांत घर बघून देऊन टाका." शांत घर! आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. रिक्षात आम्ही एक शब्द बोललो नाही, जणू तिथूनच सराव सुरू केला होता.

त्या संध्याकाळी आजोबा खाली गार्डनमध्ये त्यांच्या मंडळींत गेले होते. घर थोडं शांत होतं, आणि बाबली खोक्यातून अर्धी बाहेर येऊन भराभर कोथिंबीर खात होती. आम्ही तिघं दारात उभं राहून बघत होतो. तेवढ्यात जिन्यावरून आजोबांचा आवाज आला, ते वॉचमनला पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगत होते, आणि बाबली तोंडातली काडी टाकून आत गेली. आता कुणाला कळायचं काही राहिलं नव्हतं.

"तुम्ही सांगा त्यांना," आई बाबांना म्हणाली.

"मी? आणि काय सांगू? की अण्णा, गप्प बसा?"

"मग मी सांगू? सासऱ्यांना? माझी काय प्राज्ञा!"

"अगं, पण सांगायचं कसं? हळू बोला हे सांगायलासुद्धा मला ओरडावं लागणार ना!" बाबा हसले, पण ते हसणं लगेच विझलं. "त्या माणसाला काही ऐकू येत नाही. बोलणं एवढंच उरलंय त्याच्याकडे. तेही काढून घ्यायचं, आणि ते कशासाठी, तर..." त्यांनी पिंजऱ्याकडे हात केला. मला बाबांचा राग आला आणि त्यांचं पटलंही. आम्ही पिंजरा आतल्या खोलीत नेला, तर आजोबा पाट घेऊन आत गेले. टीव्ही बंद ठेवला, तर त्यांनी विचारलं बिघडला काय. मी शाळेत बाकावर बसून एवढाच विचार करत असे की आता घरी ते दोघंच आहेत, आणि एकाच्या मायेने दुसरी मरते आहे. कुणालाच वाईट म्हणता येत नव्हतं. कुणीतरी वाईट असतं तर मी निदान भांडले तरी असते.

आणि मग आजोबांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. कोकणात काही अडलं की ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. नारळ-विडा ठेवून घरातला वडीलधारा देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि बाकीचे मागून होकार भरतात. आजोबांनी आंघोळ करून धोतर नेसलं, पिंजऱ्यासमोर नारळ ठेवला, आम्हाला मागे उभं केलं आणि हात जोडले. आईने एकदा बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली. वडील देवाशी बोलत असताना कोण त्यांना थांबवणार?

"बा देवा म्हाराजा! ह्या मुक्या लेकराक कोणाची नजर लागली असात, काय वाकडा-नाकडा घडला असात, तर ता दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही पुटपुटलो.

आजोबांनी मागे वळून बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि होकार भरला नाही तर गाऱ्हाणं पोचत नाही. "मोठ्यान म्हणा!" ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

"हिच्या तोंडात घास घाल, हिका सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आम्ही चौघं मिळून त्या एवढ्याशा जिवासाठी देवाकडे आयुष्य मागत होतो, आणि आमच्या प्रत्येक होकाराला चपलेचं खोकं हलत होतं. मी ओरडता ओरडता रडत होते. आजोबांना वाटलं मी भक्तीने रडते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी बाबलीने कशालाच तोंड लावलं नाही, आजोबा गार्डनमध्ये गेले तेव्हाही नाही. आईने कांदिवलीला फोन करून विचारलं, कुणी दुसरं घेईल का.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दप्तर टाकून आत गेले तेव्हा आजोबा पाटावर बसले होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती आणि मी आलेलं त्यांना अर्थातच कळलं नाही. हातात कोथिंबिरीची काडी होती. "खाय गो बाय," ते म्हणाले. खोक्याच्या दारातलं नाक नाहीसं झालं. ते थांबले. बऱ्याच वेळाने नाक पुन्हा दिसलं. "भियाव नको," ते म्हणाले. नाक गेलं. या वेळी त्यांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं, वर पंख्याकडे बघितलं, आणखी कशाला ती भीत असेल ते शोधत होते. मग नाक परत आलं आणि त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी ओठ हलवले, "खाय गो बाय" असंच म्हणाले, पण आवाज काढला नाही. साचेखात्यात माणसं अशीच बोलत. त्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसे, म्हणून सगळे ओठांनी आणि हातांनी बोलत. नाक तिथेच राहिलं. मिश्या हलल्या. मग त्यांनी, त्यांच्या मते अगदी हळू असेल, पण आवाज काढून म्हटलं, "बाबली." आणि नाक गेलं.

आजोबांनी काडी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि पुढे जाऊन तो बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. त्यांना कुणी सांगायची गरज आता उरली नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी पावलं न वाजवता मागे फिरले आणि जिन्यात जाऊन बसले.

रात्री जेवताना ते बोलले नाहीत. आईने भात वाढला, त्यांनी हातानेच पुरे म्हटलं. बाबांना राहवलं नाही. ते आजोबांच्या कानाशी वाकून ओरडले, "अण्णा, हळू बोललात तरी चालतं हो!"

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं. "हळू म्हंजे किती?" त्यांनी विचारलं. "माका कसा कळतला?"

ते नेहमीच्याच आवाजात बोलले होते. आतल्या खोलीत खडबड झाली. ती त्यांना ऐकू आली नाही, पण आमच्या तिघांच्या माना तिकडे वळलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यांनी मान डोलावली आणि ताटातला भात कालवायला घेतला. ज्याला आपला आवाजच ऐकू येत नाही, त्याच्यासाठी एक तर बोलणं असतं किंवा न बोलणं.

त्यानंतर बाबली खायला लागली. आधी खोक्यात ओढून नेऊन, मग दारात, मग उघड्यावर. आईने कांदिवलीला पुन्हा फोन करून राहू दे म्हणून सांगितलं. आजोबा पाटावर तासन्‌तास हात पुढे धरून बसत, आणि एके दिवशी तिने त्यांच्या बोटांतून कोथिंबीर ओढून घेतली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून बोटं तोंडाशी नेली, मग छाती ठोकली: जेवली, माझ्या हातून. आम्ही सगळेच हळू बोलायला लागलो. आईला माहेरचा आवाज परत सापडला. कुकरच्या शिटीचीसुद्धा आम्हाला भीती वाटे. आणि मग बाबलीला कंठ फुटला. फ्रीज उघडून पिशवी सळसळली की ती मागच्या पायांवर उभी राहून अशी काही शीळ घाली की आम्ही हसून हसून लोटपोट. आजोबा आमच्या तोंडांकडे बघत आणि हातानेच विचारत, काय झालं? मी ओठांचा चंबू करून दाखवी. ते तिच्या गळ्यापाशी दोन बोटं टेकवून बघत. एवढ्या वर्षांत त्या घरात सगळ्यात गोड असा आवाज निघत होता, आणि ज्यांनी तो मिळवून दिला त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता.

मात्र आजोबा बोलायचे थांबले ते थांबलेच. आधी घरात, मग जिन्यात, मग गार्डनमध्येही. कोळीण टोपली उतरवत विचारू लागली, "म्हातारे बरे हायेत ना?" बाबा त्यांना घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. घसा ठणठणीत होता. बाबांनी समजावलं, आईने हात जोडले, मी रुसून पाहिलं. ती आता धीट झालीये, तुम्ही बोलून तर बघा. ते हसून मान हलवत. पूर्वी ते बोलत आणि आम्ही मान हलवायचो. आता उलट झालं होतं.

सुट्टी लागली तेव्हाची एक दुपार आहे. आई-बाबा कामावर. मी दारात गोष्टीचं पुस्तक घेऊन बसले होते आणि आजोबा पलंगावर. बाबली त्यांच्या मांडीवर अंग सैल सोडून पसरली होती, कांदिवलीच्या बाई म्हणाल्या होत्या तशीच. आजोबा तिला काहीतरी सांगत होते. नुसते ओठ हलत होते. मध्येच एक हात हवेत जाई, भुवया वर चढत, ते स्वतःशीच हसत, मग एकदम गंभीर होत. काहीतरी मोठं होतं ते, लांबलचक. कदाचित आजीचं असेल. कदाचित असं काही असेल जे मी कधीच ऐकलं नव्हतं. जेवली, झोपली, एवढे शब्द मला त्यांच्या ओठांवरून ओळखता येत, याच्यापुढचं काही येत नसे. मी पुस्तक ठेवून त्यांच्या पायाशी जाऊन बसले. वर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले, पण काही म्हणता काही हाती लागेना, आणि ते सांगतच होते. मला सहन होईना. मी त्यांचा गुडघा धरून हलवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "आजोबा, मोठ्याने बोला ना! मला ऐकायचंय!"

बाबली मांडीवरून उडाली आणि पलंगाखाली गेली.

मी काय म्हणाले ते आजोबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फक्त तिला पळताना पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, मी लहान आहे आणि मला अजून कळत नाही अशा नजरेने, आणि एक बोट उचलून माझ्या ओठांवर ठेवलं. मग ते हळूच जमिनीवर उतरले आणि पलंगाखाली हात पालथा पसरून ती येण्याची वाट बघत बसले. मला रडू फुटलं, आणि तेही मला आवाज न करता रडावं लागलं.